कानांनी शिकलेलं पुस्तक

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते तिसगावच्या शाळेत मला मराठी शिकवणाऱ्या बाईंचे. हे वाक्य मी आजवर पुष्कळ ठिकाणी बोललो आहे. नोकरी लागली तेव्हा गावात झालेल्या सत्कारात बोललो, शाळेच्या स्नेहसंमेलनात बोललो, आणि माझ्याच लग्नात माईक हातात आला तेव्हाही बोललो. बायको अजून त्याची आठवण काढते. "लग्न माझ्याशी आणि आभार बाईंचे," म्हणते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. दहावीनंतर मला मामाच्या ओळखीने पुण्याला एका गॅरेजवर पाठवायचं ठरलं होतं. पिशवीसुद्धा भरून झाली होती. एका संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या, अंथरलेल्या पोत्यावर बसल्या, बिनदुधाचा चहा प्यायल्या आणि वडिलांशी तासभर बोलल्या. त्यानंतर मी गॅरेजऐवजी नगरच्या कॉलेजात गेलो. आज भिंगारला लष्कराच्या एका भांडारात मुलकी कारकून आहे. रोज तिसगावहून एसटीने जातो-येतो.

चाळिशी ओलांडल्यावर मी शाळेच्या दिवसांवर एक पुस्तक लिहिलं. एकूण बारा प्रकरणं, त्यातलं शेवटचं आणि सगळ्यात मोठं बाईंचं. खरं म्हणजे ते एक प्रकरण छापायचं होतं म्हणून बाकीची अकरा लिहिली. बाई निवृत्त होऊन आता बेलापूरला मुलीकडे राहतात. दिवाळीनंतर शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि त्यात बाईंचा सत्कार व्हायचा होता. त्या मंचावर पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं, एवढी एकच इच्छा होती.

पण पुस्तक काढतात कसं, हे आमच्याकडे कुणाला विचारणार? दोन प्रकाशकांना हस्तलिखित पाठवलं. एकाचं उत्तर आलं नाही, दुसऱ्याने सभ्य शब्दांत नको म्हटलं. तेव्हा भांडारातला एक सहकारी म्हणाला, "अहो, आजकाल लोक स्वतःच काढतात पुस्तक. मोबाईलवर ऐका की, कानात सगळं फुकट शिकवतात." असा मी पॉडकास्ट ऐकायला लागलो.

जाण्याचा सव्वा तास आणि येण्याचा सव्वा तास, ही माझी शाळा झाली. वर्षभरात पुष्कळ आवाज ऐकून सोडून दिले. स्वतःचीच जाहिरात करणारे सोडले, दहा मिनिटं नुसतं स्वागत करणारे सोडले. तीन आवाज राहिले. त्यांची खरी नावं सांगत नाही. मी त्यांना माझ्यापुरती नावं ठेवली होती.

पहिले इंदूरकडचे एक गृहस्थ. हिंदीत बोलायचे. त्यांना मी ‘मास्तर’ म्हणायचो, कारण ते दर भागाच्या शेवटी गृहपाठ द्यायचे. पानाचा आकार किती ठेवायचा, समास का सोडायचा, पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक लेखकालाही स्वतः मागता येतो, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेला की जोडाक्षरं कुठे मोडतात, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. त्यांचं एक वाक्य मी कार्यालयातल्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलं होतं: घाईत छापलेली चूक सावकाश सुधारता येत नाही.

दुसरं एक परदेशी जोडपं. इंग्रजीत बोलायचं आणि फार हसायचं. माझं इंग्रजी कागदावर बरं आहे, पण कानाला कमी पडतं. म्हणून मी त्यांचा वेग पाऊणपट करून ऐकायचो. त्यामुळे ते दोघे कायम नुकतेच झोपेतून उठल्यासारखे वाटायचे. अर्ध्याहून अधिक गोष्टी आमच्या कामाच्या नव्हत्या. पण एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली. हजार वाचकांसाठी लिहू नका, एक माणूस डोळ्यांसमोर ठेवा आणि त्याच्यासाठी लिहा. मला तो माणूस शोधावा लागला नाही. बाई होत्याच.

तिसरा आवाज एका मराठी ताईंचा. त्या स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून बोलत असाव्यात, कारण मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. मी त्यांचा भाग कधी कधी घरी जेवताना फोन उघडा ठेवून लावायचो. आई ऐकत असायची. तिला पुस्तक छापण्यातलं काही नको असायचं, पण मध्येच म्हणायची, "तीन झाल्या बघ. बंद कर म्हनावं, डाळीचं पानी व्हईल." बायको म्हणायची, "एवढे कान देऊन माझं ऐकलं असतंत तर!" ह्या ताई आमच्या घरातल्याच झाल्या होत्या.

करंजीच्या घाटात रेंज जाते. आदल्या दिवशी भाग उतरवून घेतलेला नसला, की ताई वाक्याच्या मध्येच थांबायच्या आणि घाट संपल्यावर पुढे बोलायच्या. पहिले काही दिवस मला याचा राग यायचा. पुढे सवय झाली. त्या मोकळ्या वेळात मी तोवर ऐकलेलं माझ्या पुस्तकाला लावून बघायचो. कुठलं प्रकरण लांबलंय, कुठे मी उगाच शब्द वापरलेत, हे मला बहुतेक वेळा त्या घाटातच कळलं.

त्या ताईंच्या एका भागाने पुढचं सगळं घडवलं. तो भाग आठवणींच्या पुस्तकांबद्दल होता. त्या म्हणाल्या, "छापायला देण्याआधी पुस्तक मोठ्याने वाचा. डोळे चूक झाकतात, जीभ झाकत नाही. आणि ज्या जिवंत माणसावर तुम्ही लिहिलंय, त्याच्या कानावर ते छापण्याआधी पडू द्या. पुस्तक बाजारात आल्यावर नाही." मागे शिट्टी झाली. मी ते वाक्य तिकिटाच्या मागे लिहून घेतलं.

मी लगेच बाईंना फोन केला. त्यांच्या डोळ्यांना आता छापील अक्षर दिसत नाही, हे मला माहीत होतं. म्हटलं, "बाई, मी एकेक प्रकरण वाचून फोनवर पाठवतो. तुम्ही ऐका आणि चुका सांगा."

"ऐकते. पण नंतर रुसायचं नाही," बाई म्हणाल्या.

दर रविवारी सकाळी आतल्या खोलीचं दार लावून मी एक प्रकरण वाचायचो आणि पाठवायचो. दोन-तीन दिवसांनी बाईंचे आवाजातले निरोप यायचे. "अरे, ‘सदर घटना’ काय? ती काय तुझ्या कार्यालयातली फाईल आहे?" "कडुलिंबाला ‘वृक्षराज’ नको म्हणूस. शाळेत तुम्ही त्याच्यावर चढून निंबोळ्या मारायचात एकमेकांना." "इथे तू रडलास असं लिहिलंयस. मला आठवतंय, तू रडला नव्हतास. तू पळून गेला होतास." मी ते बसमध्ये ऐकायचो आणि एकटाच हसायचो. शेजारचा माणूस सरकून बसायचा. वर्षभर तीन आवाजांकडून जे शिकलो, त्याहून जास्त ह्या अकरा रविवारांत शिकलो.

बारावं प्रकरण बाईंचंच होतं. तोवर छापखान्यात सगळं ठरलं होतं. नगरचा छापखाना चालवणारा तरुण म्हणाला होता, "सर, सोमवारी मशीनवर घेतो. सोमवार चुकला तर मग तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी सुरू होते. मला दम खायला वेळ मिळत नाही. मग तुमचं पुस्तक थेट पुढच्या वर्षी." म्हणजे सोमवार चुकला की मेळावा चुकला.

त्या सोमवारच्या आठ दिवस आधीच्या रविवारी मी ते प्रकरण वाचलं. ते मी फार मन लावून लिहिलं होतं. सुरुवात अशी होती: ‘अडाणी आई-वडिलांच्या पोटी जन्मलेल्या मला शाळेचं महत्त्व सांगणारं घरात कुणी नव्हतं. आईला तर शाळेतलं काहीच कळत नव्हतं. अशा अंधारात बाई दिवा होऊन आल्या.’

सत्कारात असं म्हणायची आमच्याकडे पद्धतच आहे. सूत्रसंचालक म्हणतो, ‘अत्यंत अडाणी आईबापांचा हा मुलगा,’ आणि टाळ्या पडतात. आईबाप पहिल्या रांगेत हात जोडून बसलेले असतात आणि तेही हसतात. खालची पायरी जितकी खोल, तितका मुलगा वर चढलेला दिसतो. माझ्याबद्दल असं कितीदा म्हटलं गेलं. मग मीही म्हणायला लागलो. त्यात काही चुकतंय असं एकदाही मनात आलं नाही.

गुरुवारी सकाळी बस करंजीजवळ असताना बाईंचा निरोप आला. रोजच्यासारखी थट्टा नव्हती. "हे प्रकरण असं छापू नकोस," त्या म्हणाल्या. "का, ते मी सांगणार नाही. मी शब्द दिलेला आहे. घरी विचार." मग थोडं थांबून, "आणि काय ठरवलंस ते मला पत्राने कळव. फोनवर नको. मुलगी वाचून दाखवेल."

पुढे घाट होता. फोन करायची सोय नव्हती. शब्द कुणाला दिला, कशाचा, हे काही कळेना. मेळावा दहा दिवसांवर आला होता आणि ज्या प्रकरणासाठी पुस्तक लिहिलं, तेच बाई नको म्हणत होत्या. घाटभर मी त्यांच्यावर थोडा चिडलोच होतो, हे कबूल करतो. मला वाटलं, स्वतःची स्तुती आवडत नाही म्हणून संकोच करतायत.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई ओट्यावर सुपात मटकी निवडत होती. मी हातपाय धुऊन शेजारी बसलो.

"आई, मला गॅरेजवर पाठवायचं ठरलं होतं, तेव्हा बाई घरी आल्या होत्या बघ. त्याच्या आधी तू त्यांना भेटली होतीस का?"

तिचा हात थांबला नाही. "कोन म्हनलं?"

"कुणी नाही. बाई म्हणाल्या, घरी विचार."

"म्हंजी बाईंनी सांगितलं न्हाई." तिला त्याचंच समाधान वाटलेलं दिसलं. "लई पक्की बाई. येवढी वरसं झाली."

"मग तू सांग."

"आता काय सांगायचं? रविवारी वाचत हुतास की, दार लावून. आख्ख्या आळीला ऐकू येत हुतं. आई अडानी, तिला शाळंतलं काय कळत नव्हतं."

ताईंनी सांगितलं होतं, ज्या जिवंत माणसावर लिहिलंय त्याच्या कानावर पडू द्या. ते ऐकून मी बाईंना फोन केला होता. आईवरही मी लिहिलंय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि ते तिच्या कानावर पडलं, तेही बंद दाराच्या बाहेर.

"अडानी म्हनलास त्याचं काय न्हाई," आई म्हणाली. "हायेच मी अडानी. पन कळत नव्हतं आसं नको लिवू. कळत नव्हतं तर मी शाळंत कशाला गेल्ते?"

मग तिने सांगितलं. तो बाजारचा दिवस होता. ती भाजी घेऊन बसली होती. अर्ध्या जुड्या शेजारणीच्या हवाली करून ती उठली आणि शाळेच्या फाटकापर्यंत गेली. आत जायची हिंमत होईना. मधली सुट्टी झाली तशी बाई व्हरांड्यात आल्या, तिने लांबून हात केला. बाई आल्यावर एवढंच म्हणाली, "तुमी घरी येऊन सांगा. माझं ऐकायचे न्हाईत, तुमचं ऐकतील. पन मी आल्ते आसं सांगू नका." तिसऱ्या दिवशी बाई आमच्या पोत्यावर येऊन बसल्या. चहा आईनेच पुढे केला होता. दोघींनी एकमेकींकडे ओळख असल्यासारखं पाहिलंही नाही.

"सांगू नका का म्हणालीस?"

"तुझ्या बापाला काय वाटलं आसतं? बायको गावात जाऊन घरातलं सांगती. तेंचा मान ऱ्हायला पायजे, आन तुझं काम बी व्हायला पायजे."

"वडील वारल्यावर तरी मला सांगायचंस."

"तू सगळ्यांम्होरं बाईंचं नाव घ्यायचास. बरं वाटायचं मला. चांगल्या बाईचं नाव घेत हुतास. मधी कशाला बोलायचं?" सुपातली मटकी एकदा पाखडून ती म्हणाली, "आन आता लिवशील तर तेंना वाईट नको दावू. शेवटी हो तेंनीच म्हनलं."

बाईंचे उपकार त्यामुळे कमी झाले असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. एका भाजीवालीने सांगितलं म्हणून परक्याच्या घरी जाऊन तासभर भांडणारे शिक्षक किती असतात? पण माझ्या पुस्तकात आई चहा घेऊन यायची आणि आत निघून जायची. इतकी वर्षं मी तिला तेवढंच काम दिलं होतं. ते पुस्तक गावात घरोघर जाणार होतं. आळीतल्या बायका आपल्या मुलांकडून वाचून घेणार होत्या. तिचं कळणं, तिचं चालत जाणं छापलेल्या पानावर कायमचं पुसलं गेलं असतं, आणि ते मी पुसलं असतं.

तरी लगेच निर्णय झाला असं सांगितलं तर खोटं होईल. शुक्रवारी बसमध्ये मी वाटा शोधत होतो. प्रकरण तसंच जाऊ द्यावं आणि पुढच्या आवृत्तीत सुधारावं? नुसती ती दोन वाक्यं काढावीत? मास्तरांचं काचेखालचं वाक्य कार्यालयात दिवसभर समोर होतं. दोन वाक्यं काढून भागत नव्हतं, कारण सगळं प्रकरणच त्या दोन वाक्यांवर उभं होतं. सुट्टी झाल्यावर मी छापखान्यात गेलो आणि थांबवा म्हणालो.

"सर, मेळावा?" त्या तरुणाने विचारलं.

"मेळावा होईल. पुस्तक नंतर येईल."

"कव्हरवर चहा सांडू नका म्हणजे झालं तोवर," असं म्हणत त्याने कव्हरचा नमुना माझ्या हातात दिला. नमुन्यावर बाईंना आवडणारा मोरपंखी रंग होता.

शनिवार आणि रविवार मी प्रकरण नव्याने लिहिलं. या वेळी कानात कुणाचाच आवाज घेतला नाही. एक माणूस डोळ्यांसमोर ठेवा म्हणतात, तर या वेळी समोर आई होती. ती वाचणार नव्हती, पण ऐकणार होती. लिहून झाल्यावर दार उघडं ठेवून तिला वाचून दाखवलं. मग बाईंना पत्र लिहिलं. मुलीला वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरात, एका बाजूला. त्याची प्रत माझ्याकडे आहे, ती इथे देतो.

आदरणीय बाई,

नमस्कार. तुम्ही पत्राने कळव म्हणालात, म्हणून लिहितो आहे.

मी घरी विचारलं. आईने सगळं सांगितलं. तुम्ही दिलेला शब्द पाळलात, हे ऐकून तिला फार बरं वाटलं. आता तो शब्द तिने स्वतःच सोडवला आहे, तेव्हा तुमच्यावर त्याचं ओझं राहिलेलं नाही.

छपाई थांबवली आहे. मेळाव्यात मी रिकाम्या हाताने येईन. मंचावर पुस्तक तुमच्या हातात द्यावं असं मी वर्षभर मनात रंगवलं होतं, त्यामुळे वाईट वाटतं. पण ते प्रकरण तसंच छापून तुमच्या हातात दिलं असतं, तर तुम्हाला ते धरवलं नसतं, हे आता कळतं.

प्रकरण नव्याने लिहिलं. पूर्वी तुम्ही पहिल्याच परिच्छेदात होतात. आता पहिल्या तीन पानांत आई आहे, बाजारातून उठून शाळेपर्यंत चालत येते आहे. तुम्ही चौथ्या पानावर व्हरांड्यात येता. त्यानंतरचं बरंचसं पूर्वीसारखंच आहे. वडिलांना मी कुठे कमी दाखवलेलं नाही. आईने तेवढी अट घातली होती. ‘अडाणी’ हा शब्द मी काढून टाकला होता. तिने तो परत घालायला लावला. म्हणाली, खरं हाय ते ऱ्हाऊ दे. ‘दिवा’ मात्र मी काढला. तुम्ही तो काढायला लावणारच होतात.

आईने तीन चुका काढल्या. मी मेथी लिहिली होती, ती म्हणाली शेपू होता. मी तिला चप्पल घातली होती, ती म्हणाली अनवाणी होते. आणि मी लिहिलं होतं की तुम्ही फाटकापाशी उभं राहून तिच्याशी बोललात. ती म्हणाली, न्हाई, बाईंनी मला आत नेलं, शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांदेखत पाणी दिलं. शाळेतल्या खुर्चीवर ती त्याच्या आधी कधी बसली नव्हती, नंतरही नाही. माझ्या निकालाला ती यायची, पण उभीच असायची. हे मला आजवर माहीत नव्हतं.

ती खुर्ची मला पुस्तकात घालायची आहे. आईला विचारलं तर म्हणाली, "खुर्ची बाईंनी दिल्ती, बाईंना इचार." म्हणून विचारतो आहे. त्या वेळी खोलीत आणखी कोण शिक्षक होते, कुणी काही बोललं का, तेही तुम्हाला आठवत असेल तर सांगा. तुमचं उत्तर आल्याशिवाय छापखान्यात काही देणार नाही.

नवं प्रकरण वाचून फोनवर पाठवलं आहे. या वेळी दार उघडं होतं, त्यामुळे मध्ये आईचा आवाज आला आहे. एके ठिकाणी ती "शेपू, शेपू" म्हणते. ते तसंच राहू दिलं आहे.

तुमचा विद्यार्थी